अंघोळ झाली की वास येतो: ट्रेलरमधल्या एकत्र न्हाणी-संडासाचं दुखणं

गाडीमागे जोडून नेतो त्या आमच्या राहायच्या छोट्या ट्रेलरमध्ये न्हाणी आणि संडास वेगळे नाहीत. साधारण तीन फूट लांब, अडीच फूट रुंद अशी प्लास्टिकची एक पेटी आहे. तिच्यातच कमोड, डोक्यावर शॉवर, पायाखाली पाणी जायची जाळी आणि छपराला पंखा. दार लावलं की अंघोळ करणाऱ्याचं कोपर भिंतीला लागतं आणि गुडघा कमोडला. या पेटीतून चार-पाच दिवसांआड वास यायचा. घासून काढली की दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी परत तेच. वेगवेगळे क्लीनर झाले, टाकीत टाकायची औषधं झाली, सुगंधी वड्या टांगून झाल्या. वास काही हटेना.

सुटका झाली ती एका साध्या कागदामुळे. शेजारच्या कपाटाच्या दाराला मी आतून कागद चिकटवला. वास आला की वेळ लिहायची आणि त्याआधी नेमकं काय केलं होतं ते लिहायचं, एवढंच. तीन आठवड्यांनी तो वाचला तेव्हा लक्षात आलं, आम्ही ज्याला 'तो वास' म्हणत होतो ते मुळात चार वास होते. एक फ्लशबरोबर यायचा आणि पाच मिनिटांत जायचा. एक गाडी हलवून नव्या जागी उभी केली की यायचा. एक फक्त अंघोळीनंतर. आणि चौथा कुबट, थंड ढगाळ दिवसांत सगळीकडे भरून राहिलेला. चौघांची कारणं वेगळी आणि मी सगळ्यांवर एकच औषध ओतत होते.

म्हणून तुमच्याकडेही हे दुखणं असेल तर वास कसला आहे यापेक्षा तो कधी येतो हे आधी बघा. मीही त्याच क्रमाने लिहिते.

फ्लश केल्यावर येणारा वास

हा बहुतेक वेळा छपरावरच्या पंख्याचा प्रताप असतो. संडासात गेल्यावर वास जावा म्हणून आपण पंखा लावतो, खिडक्या थंडीमुळे बंद असतात, दार लावलेलं असतं. पंखा हवा बाहेर फेकतो, म्हणजे तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. फ्लशसाठी पायाने पेडल दाबलं की कमोडच्या तळाची झडप उघडते आणि पंख्याला सगळ्यात सोपी वाट मिळते ती मैल्याच्या टाकीतून. टाकीतली हवा सरळ तुमच्या तोंडावर.

खात्री करून घ्यायची असेल तर टिश्यू पेपरची एक पट्टी घ्या. खिडक्या बंद, पंखा जोरात, पट्टी कमोडच्या भांड्यावर धरा आणि पेडल दाबा. आमच्याकडे पट्टी चक्क उभी राहिली. मग पंखा बंद करून तेच केलं, तर पट्टी लोंबकळत राहिली. त्या दिवसापासून आमचा क्रम ठरला: आधी पंखा बंद, मग फ्लश, झडप पूर्ण बसली की परत पंखा. पंखा चालूच ठेवायचा असेल तर न्हाणीचं दार किलकिलं करा आणि बाहेरची एखादी खिडकी बोटभर उघडा, म्हणजे हवा तिथून येईल.

पंख्याचा दोष नसेल तर झडपेच्या रबराकडे वळा. रात्री झोपताना भांड्यात दोन-तीन सेंटीमीटर पाणी भरून ठेवा. सकाळी ते नाहीसं झालं असेल तर रबर नीट बसत नाही. हे पाणीच खरं तर टाकीचं बूच आहे; पाणी गेलं की बूच गेलं. लगेच नवं रबर मागवू नका. बऱ्याचदा खोबणीत कागदाचा ओला लगदा किंवा क्षाराचा थर अडकलेला असतो. हातमोजा घाला, झडप उघडी धरा आणि मऊ कापडाने खोबण सगळीकडून पुसा. नंतर रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियमच्या वंगणाने रबर फुगतं आणि काही महिन्यांत पार निकामी होतं. कॅसेटचा, म्हणजे खालची छोटी टाकी ओढून बाहेर काढता येते असा, कमोड असेल तर रबर कॅसेटच्या तोंडावर असतं, कॅसेट बाहेर काढली की हाताशी येतं. बाकी सगळं तेच.

गाडी हलवल्यावर येणारा वास

जाळीखाली वाकडी नळी असते, तिच्यात थोडं पाणी थांबून राहतं आणि सांडपाण्याच्या टाकीतली (ही मैल्याच्या टाकीहून वेगळी, अंघोळीचं आणि सिंकचं पाणी साठवणारी) हवा वर येऊ देत नाही. घरातल्या मोरीतही हीच युक्ती असते, पण घर हलत नाही. ट्रेलर वळणावर, चढावर, खड्ड्यात हिंदकळला की ते पाणी टाकीत सांडतं. गाडी महिना-दोन महिने नुसती उभी असेल तर ते सुकूनही जातं.

उपाय एका मिनिटाचा आहे. मुक्कामी पोहोचलात की न्हाणीच्या जाळीत आणि प्रत्येक सिंकमध्ये पेलाभर पाणी ओता. आम्ही निघण्याआधी जाळीवर रबराचं बूच बसवतो. पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर पाण्याशिवाय चालणारा व्हॉल्व्ह मिळतो. त्यात लवचीक पडदा असतो, पाणी खाली जाताना उघडतो आणि लगेच मिटतो. ट्रेलरच्या तळाशी जागा कमी असते, तिथे तो आडवाही बसतो.

आणि सिंकखालचं कपाट उघडून नाक आत घाला. तिथे नळीच्या टोकाला एक छोटी टोपी असते, हवा आत घेणारी आणि बाहेर न सोडणारी. तिच्यातली रबरी चकती अडकली की ती दोन्ही बाजूंनी उघडी राहते. न्हाणीतला वास समजून आम्ही महिनाभर न्हाणी धुतली, आणि तो येत होता या कपाटातून. टोपी हाताने फिरवून निघते, नवी तशीच बसते.

अंघोळीनंतर येणारा वास

याने मला सगळ्यात जास्त छळलं. तर्काला पटतच नव्हतं. साबण लावून, चारी भिंती धुऊन निघालेली न्हाणी, आणि दहा मिनिटांनी तिथे मुतारीचा वास! नवरा म्हणाला, "अगं, टाकी भरली असेल." टाकी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाली आणि वास हजर.

मग एकदा अंघोळ झाल्यावर मी बॅटरी घेऊन खाली वाकले. शॉवरचं पाणी भिंतीवरून उतरत होतं, कमोडच्या मागून वळसा घेत होतं, आणि त्यातलं थोडं जाळीकडे न जाता कमोडच्या बुडाखाली शिरत होतं. अर्ध्या मिनिटाने समोरच्या कडेखालून त्याची बारीक धार बाहेर आली. आत शिरताना पाणी स्वच्छ होतं, बाहेर आलं ते पिवळसर.

शेवटी कमोड काढला. टाकी रिकामी करून धुतली, पंप बंद केला, पाण्याची नळी सोडवली, बुडाचे दोन नट सोडवले आणि दोघांनी धरून तो उचलला. खाली जमिनीला साय धरावी तसा तपकिरी थर होता, कडेला केसांची गुंडाळी आणि साबणाचा पांढरा चिखल. लघवीचे बारीक थेंब भांड्याच्या कडेवर, भिंतीवर, बुडाशी उडतातच. घरातल्या कोरड्या फरशीवर ते जिथे पडतात तिथे आपण पुसतो. इथे रोजची अंघोळ ते विरघळवते आणि जिथे फडकं पोहोचत नाही तिथे नेऊन ठेवते. एरवी थर सुका असतो, म्हणून गप्प असतो. अंघोळीने भिजला की वास मारतो.

तो थर आधी लाकडी पट्टीने खरवडला, मग लघवीच्या डागांसाठी असलेलं एन्झाइमचं क्लीनर ओतून अर्धा तास भिजत ठेवलं आणि पुसून घेतलं. असं दोनदा केलं. एक रात्र सगळं उघडं ठेवून वाळवलं. कमोड परत बसवताना खालचा रबरी वायसर नवा घातला, कारण एकदा दबलेला वायसर पुन्हा तसाच बसेल याची खात्री नसते. मग बुडाभोवती सिलिकॉनची रेघ मारली. घरातल्या कमोडला मागची बाजू मोकळी सोडतात, खालून गळलं तर कळावं म्हणून. मी मात्र चारी बाजू बंद केल्या. या पेटीत पाणी वरून आणि मागून येतं, तिथेच फट ठेवली तर सगळी मेहनत वाया. त्यानंतर हा वास आला नाही.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. या थरावर ब्लीच ओतू नका. सुकलेल्या लघवीतून अमोनिया सुटतो, तो ब्लीचला भेटला की विषारी वायू तयार होतो. क्षार काढायला व्हिनेगर किंवा दुसरं आम्ल वापरलं असेल आणि त्यावर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. मोठ्या न्हाणीघरात माणूस खोकत बाहेर तरी पळतो, या पेटीत तुम्ही गुडघे दुमडून, तोंड खाली घालून बसलेले असता. एका दिवशी एकच द्रव्य, दार उघडं, आणि दुसरं काही वापरायचं तर आधी भरपूर पाण्याने धुवा.

आणि आमच्या ट्रेलरमध्ये आता पुरुषांनीही बसूनच, हा नियम आहे. पाहुण्यांनाही सांगतो. वाईट कोणाला वाटलं नाही अजून.

जाळीतून पाणी वर आलं तर

स्वयंपाकाची भांडी घासताना न्हाणीत खरकटं पाणी वर आलं की पहिला विचार येतो, नळी तुंबली. मग लोक नळीत तीव्र रसायन ओततात. थांबा. संपूर्ण ट्रेलरमध्ये सगळ्यात खाली असलेलं तोंड म्हणजे न्हाणीची जाळी. सांडपाण्याची टाकी भरली की पाण्याला वर यायला हीच जागा. तुंबलं काही नाही, टाकी भरली आहे.

पण मीटर तर अर्धी दाखवतो? त्याच्यावर फार विसंबू नका. टाकीतली पातळी ओळखणाऱ्या सेन्सरवर साबण आणि तेलकट साय बसली की तो काहीही दाखवतो. आम्ही हिशोब ठेवतो. शॉवरमधून मिनिटाला किती पाणी येतं ते एकदा बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. कमी पाण्याचा शॉवर असेल तर साधारण 6 लिटर निघतं. म्हणजे चार मिनिटांची अंघोळ 24 लिटर. पाणी अंगावर घ्या, बंद करा, साबण लावा, पुन्हा चालू करा, असं केलं तर दीड-दोन मिनिटांत भागतं. शॉवरच्या दांड्यावरचं बटण दाबून पाणी थांबवत असाल तर एक सांभाळा. नळ दोन्ही उघडेच राहतात, त्यामुळे थंड आणि गरम पाणी आतल्या आत एकमेकांच्या नळीत शिरू शकतं आणि पुन्हा चालू केल्यावर पहिली धार चटका देऊ शकते. ती जाळीवर सोडा, अंगावर घेऊ नका.

टाकी रिकामी असूनही पाणी संथ जात असेल तर जाळी काढा. केसांचा बोळा बहुतेक हाताच्या बोटाला लागतो. तोही नसेल आणि पाणी गुडगुड आवाज करत जात असेल, तर हवेची नळी बंद आहे. तिच्याबद्दल शेवटी लिहिते.

एका कोपऱ्यात पाणी साठून राहतं

न्हाणीच्या तळाला जाळीकडे ढाळ असतो, पण ट्रेलर समतल उभा आहे असं धरून. चाकाखाली जमीन जरा उंच-सखल असली की तो ढाळ संपतो. आम्ही पूर्वी स्पिरिट लेव्हल टेबलावर ठेवून गाडी सरळ करायचो. आता न्हाणीच्या तळाशी अर्धा पेला पाणी ओततो आणि ते कुठे जातं ते बघतो. जाळीच्या बाजूला किंचित कल दिला की निम्मं पुसणं वाचतं. कल किंचितच असू द्या. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर तो फार तिरकं उभं राहणं सहन करत नाही, त्याचं गार होणं बंद पडतं आणि आतून खराब होतो.

कुबट वास आणि काळे ठिपके

हा वास ओलीचा. छोट्या जागेत अंघोळीची वाफ जाते कुठे? थंड भिंतीवर, खिडकीच्या काचेवर, गादीखाली. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशीला रान मोकळं. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर आम्ही न्हाणीच्या दाराबाहेर लावलं आणि दिवसाचं गणित डोळ्यांपुढे आलं. अंघोळीनंतर काटा वर जातो हे ठाऊकच होतं, पण भिंती न पुसल्या तर तो संध्याकाळपर्यंत उतरत नाही हे तेव्हा कळलं.

वाफेला पंखा पुरतो, भिंतीवरच्या पाण्याला नाही. छोटा वायपर घ्या, छपरापासून खाली ओढत या, मग एका फडक्याने कमोडची मागची बाजू, दाराची चौकट आणि खालचे कोपरे टिपा. पिळून तेच पुन्हा. मला दोन-अडीच मिनिटं लागतात. मग पंखा लावून दार चार बोटं उघडं ठेवा. दार घट्ट लावून पंखा फिरवला तर आत यायला हवाच नसते आणि पंखा नुसता आवाज करत राहतो. पायाखाली लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवली असेल तर अंघोळीनंतर ती उभी करा, तिच्याखालीच पहिली बुरशी धरते. पडदाही गोळा करून ठेवू नका, पूर्ण ताणून वाळवा. अंघोळीच्या वेळी तो अंगाला चिकटत असेल तर खालच्या शिवणीत वजनं घाला. संडासचा कागद आणि कोरडे टॉवेल आत ठेवायचेच नाहीत.

थंडीत काही जण गॅसची शेगडी किंवा धूर बाहेर न सोडणारा गॅस हीटर लावून न्हाणी सुकवतात. उलटं होतं ते. 1 किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. म्हणजे सुकवायला म्हणून आपण दीड लिटर पाणी घरात आणतो. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे, तो वेगळाच.

दारापाशी जमीन मऊ लागते?

हे वाचताना उठून बघा. न्हाणीच्या दाराबाहेर, उंबऱ्यालगत अंगठ्याने जोर द्या. जमीन किंचित दबली तर खाली प्लायवुड भिजतं आहे. यात दिरंगाई नको, लाकूड कुजलं की सगळी जमीन उचकटावी लागते.

गळती कुठली हे एकेक करून शोधा. आधी जाळीला बूच लावा, तळाशी दोन सेंटीमीटर पाणी भरा आणि त्यात खाण्याचा रंग टाका. उंबऱ्याला आणि खालच्या कप्प्यात पांढरे टिश्यू पसरा. तासाभरात टिश्यू रंगला तर तळाला तडा आहे. नाही रंगला तर बूच काढून पाणी सोडा आणि पुन्हा बघा. आता रंगला तर जाळीचा सांधा. तरीही कोरडा राहिला तर शॉवरने फक्त भिंती भिजवा, मग फक्त दार. सगळे नळ बंद असताना रात्री पंप मध्येच क्षणभर घरघरला तर गळती बहुधा पाण्याच्या नळीत आहे, न्हाणीत शोधत बसू नका.

आमची गळती दाराच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात निघाली. जुन्या सिलिकॉनवर कोणीतरी नवं फासलं होतं. नवं सिलिकॉन जुन्याला धरत नाही, वरून छान दिसतं आणि मागून पाणी जातं. जुनं सगळं खरवडून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग रेघ मारा आणि 24 तास अंघोळ नाही. मागून काळं पडलेलं सिलिकॉन घासून पांढरं होत नाही, तेही काढूनच टाकावं लागतं. तळाला तडा असेल तर वरून चिकटवणं तात्पुरतं. तळ पायाखाली लवत असतो म्हणून तडकतो, खालून आधार दिल्याशिवाय तो पुन्हा तडकणारच.

एवढं करूनही वास राहिला तर

छपरावर चढा. टाक्यांची हवा बाहेर सोडणाऱ्या नळ्या तिथे टोपीखाली असतात. टोपी काढली की पानांचा चुरा, कोळ्याची जाळी, कधी गांधीलमाशीचं घरटं सापडतं. नळी मोकळी दिसली तर ती हाताने धरून हलवून बघा. काही ट्रेलरमध्ये नळी सैल होऊन खाली घसरते. वरचं टोक छपरापर्यंत पोहोचत नाही आणि टाकीची हवा भिंतीच्या आत सुटते. अशी नळी वर ओढून, छपराच्या पातळीच्या वर आणून, भोवतीची फट भरून टाकावी लागते. आमच्या नळीत तसं काही नव्हतं, सुकलेली पानं तेवढी होती. ती काढली त्या रात्री सिंकची गुडगुड थांबली.